आजीची म्हैस आणि दुधातला निरोप

आजची गोष्ट माझ्या आजीच्या म्हशीपासून सुरू होते.

आजीने म्हैस भरवली. पुढे माज दिसला नाही. पण उन्हाळ्यात म्हशीचा माज बऱ्याचदा मुका असतो. ती ओरडत नाही, सोटही नीट दिसत नाही. म्हणून आजीला वाटलं, उलटली असणार. तपासायला कुणाला बोलावलंच नाही. दूध आटत चाललं, तशी तिने म्हैस बाजारात विकली. काही महिन्यांनी कळलं, नव्या मालकाकडे ती व्याली! आजी दोन दिवस गोठ्याकडे फिरकली नाही.

गंमत बघा, उत्तर रोज तिच्या चरवीतच होतं. दुधात.

१९२९ साली अमेरिकेत कॉर्नर आणि ॲलन यांनी सशांवर प्रयोग करून दाखवलं, की बीजकोशातल्या पीतपिंडाचा अर्क गर्भ टिकवतो. १९३४ मध्ये त्यातलं संप्रेरक शुद्ध रूपात मिळालं: प्रोजेस्टेरॉन. पण ते असतं इतकं कमी, की मोजायचं कसं?

वाट काढली रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी. इन्सुलिन मोजण्यासाठी त्यांनी रेडिओइम्युनोॲसे ही पद्धत शोधली, आणि तिचं पेटंट घेतलं नाही. १९७७ मध्ये यालोंना नोबेल मिळालं. बर्सन तोवर गेले होते.

पुढे हे मोजमाप गोठ्यापर्यंत आलं. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये लेंग आणि हीप यांनी गायीच्या दुधातलं प्रोजेस्टेरॉन मोजलं. ते चरबीत विरघळतं, म्हणून दुधात चांगलं उतरतं. हिशेब सोपा आहे. माजाचं चक्र साधारण २१ दिवसांचं. जनावर गाभण नसेल, तर तेव्हा पीतपिंड विरतो आणि प्रोजेस्टेरॉन घसरतं. गाभण असेल, तर ते चढंच राहतं.

एक मेख आहे. पातळी कमी असेल, तर ‘गाभण नाही’ हे जवळपास नक्की. जास्त असेल, तर ‘बहुतेक गाभण’ एवढंच. गर्भ पुढे गळूही शकतो, म्हणून डॉक्टरांची तपासणी हवीच.

आजीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे म्हैस सांगत होती बाबा, मलाच ऐकू आलं नाही.”

घरी गोठा असेल, तर भरवल्याची तारीख आजच फोनमध्ये टाका. आणि विकायच्या आधी एकदा तपासा. भेटू पुढच्या भागात!