बाई, जरा थांबा!

शुद्धलेखन घालताना बाईंचा वेग वाढला की वर्गातून आवाज येतो, "बाई, जरा थांबा!" बाई थांबतात. मुले मागचे शब्द पुरे करतात, मग "हं, सांगा" म्हटल्यावर पुढचे वाक्य सुरू होते. पण एखादा मुलगा काहीच न बोलता मागे पडला, तर त्याच्या वहीत मधला शब्द गळतो. आणि कधी कधी उरलेले वाक्यही बरोबरच वाटते! हीच अडचण यंत्रांनाही आली. त्यांनी ती कशी सोडवली ते पाहू.

डेटा लॉगर म्हणजे नोंदी ठेवणारे यंत्र. नदीची पातळी, तापमान, पाऊस ठरावीक वेळाने मोजायचे आणि साठवायचे, हे त्याचे काम. संगणक जोडला की ते या नोंदी एकेक अक्षर करत तारेवरून पाठवते. समजा, संगणकावर आपणच लिहिलेला प्रोग्रॅम आहे आणि तो आलेख काढण्यात गुंतला आहे. तेवढ्यात आलेले एक अक्षर हरवले, आणि १२.४५ मीटरचे १.४५ मीटर झाले. कोणीच तक्रार करत नाही, कारण हा आकडाही खराच दिसतो. पुराचा इशारा याच आकड्यावरून द्यायचा असेल तर?

या प्रश्नाचे पहिले उत्तर टेलिटाइप यंत्रांकडे सापडते. १९६३ साली अमेरिकेत ‘आस्की’ ही अक्षरांची सांकेतिक यादी ठरली. तिच्यात छापायच्या अक्षरांबरोबर काही न छापायचे संकेतही होते. त्याच सुमाराच्या ‘मॉडेल ३३’ टेलिटाइपला कागदी पट्टीवरची भोके वाचणारा भाग जोडलेला असे. त्याचा वेग सेकंदाला १० अक्षरे. पलीकडच्या संगणकाने १९ क्रमांकाचा संकेत पाठवला की पट्टी थांबे. १७ क्रमांकाचा पाठवला की पुन्हा चालू होई. ‘थांबा’ आणि ‘सांगा’! हे दोन संकेत पुढे एक्सऑफ आणि एक्सऑन या नावांनी रूढ झाले.

मात्र ‘थांबा’ म्हटल्यावरही वाटेत असलेली अक्षरे येऊन पडतातच. म्हणून भांडे काठोकाठ भरण्याआधीच थांबा म्हणावे लागते. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये हे भांडे फारच लहान होते. त्यातील ८२५० ही चिप आलेले एकच अक्षर धरून ठेवी. सेकंदाला ९६०० बिट या वेगाने, एका अक्षराला १० बिट धरले, तर सुमारे ९६० अक्षरे येतात. म्हणजे प्रोग्रॅमला दर मिलिसेकंदाला एक अक्षर उचलायलाच हवे! पुढे १६५५०ए या चिपमध्ये १६ अक्षरांची रांग मावू लागली, तेव्हा थोडी उसंत मिळाली.

दुसरी अडचण अधिक अवघड होती. लॉगर आकडे अक्षरांत न लिहिता थेट बिटांच्या रूपात पाठवत असेल, तर मोजमापातलाच १९ हा आकडा ‘थांबा’ असा वाचला जाणार. यावर उपाय म्हणजे निरोप वेगळ्या तारेवरून देणे. १९६० साली ठरलेल्या आरएस-२३२ जोडणीत मोडेमसाठी अशा तारा होत्या. त्यांचाच उपयोग पुढे या कामासाठी होऊ लागला.

हे सगळे उपाय वाहत्या पाण्याला बांध घालण्याचे. १९८८ साली अमेरिकेत जलमापनासाठी ठरलेल्या ‘एसडीआय-१२’ या पद्धतीने वेगळा विचार केला: विचारल्याशिवाय बोलायचेच नाही. नावातले १२ हे सेकंदाला १२०० बिट या वेगाचे. येथे लॉगर विचारतो आणि मोजणारे संवेदक उत्तर देतात. लॉगर ‘०एम!’ असे पाठवतो, म्हणजे "शून्य क्रमांका, मोजमाप घे." उत्तर येते ‘००१०३’. पहिले शून्य हा संवेदकाचा स्वतःचा क्रमांक, ०१० म्हणजे दहा सेकंदांत तयार होईन, आणि ३ म्हणजे तीन आकडे देईन. मग लॉगर ‘०डी०!’ म्हणून आकडे मागून घेतो. किती आकडे येणार हे आधीच ठाऊक असल्याने एखादा गळला तर लगेच कळते.

लॉगरशी बोलणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने या इतिहासातून एवढेच घ्यावे, असे आम्हाला वाटते. लॉगरला मागितल्यावरच नोंद द्यायला सांगता येत असेल तर तसेच सांगावे. ओळ पुरी झाल्याची खूण येईपर्यंत आकडा वापरू नये. आणि आकडे मोजून घ्यावेत. वेग किती असावा हे बोलणाऱ्याने नव्हे, ऐकणाऱ्याने ठरवावे.

वर्गात करून पाहा. लिनक्सच्या टर्मिनल खिडकीत लांबलचक यादी सरकत असताना कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबा. यादी थांबेल. कंट्रोल आणि क्यू दाबा, पुन्हा चालू होईल. या दोनच कळा का? इंग्रजी वर्णमालेत एस कितवे आणि क्यू कितवे, ते मुलांनाच मोजू द्या.