मीठ, गलगंड आणि किरणोत्सर्ग : वसईच्या मिठागरांच्या निमित्ताने

वसई-विरार परिसरातील खाडीकाठची मिठागरे ही उत्तर कोकणातील एक जुनी उद्योगपरंपरा होय. या परिसराच्या उत्तरेस, सरळ रेषेत सुमारे पन्नास किलोमीटरवर, तारापूर येथे भारतातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. तेव्हा हा प्रदेश ठाणे जिल्ह्यात मोडत असे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. मिठागर व अणुभट्टी यांचा सकृद्दर्शनी संबंध दिसत नाही. तो गळ्यातील अवटू ग्रंथीच्या द्वारा जुळतो, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची व अर्बुद यांच्यासमवेत गलगंडाचे वर्णन येते. मराठीत 'गलगंड' म्हणजे अवटू ग्रंथीची वाढ, 'गंडमाळ' म्हणजे मानेतील गाठींची माळ आणि 'आवाळू' म्हणजे अंगावरची कोणतीही मांसल गाठ. परंतु बोलण्यात हे भेद काटेकोरपणे पाळले जात नाहीत. सबब केवळ शब्दावरून रोगाचा प्रादेशिक इतिहास लिहिणे धोक्याचे आहे.

दुसरा गैरसमज मिठाविषयीचा. समुद्राच्या मिठात समुद्राचे आयोडीन असणारच, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. एक लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि आयोडीन मात्र केवळ ५० ते ६० मायक्रोग्रॅम. हे सर्व आयोडीन मिठात उतरले असे मानले, तरी किलोभर मिठात ते दोन मिलिग्रॅमही भरणार नाही. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या आयोडीनयुक्त मिठात ते किमान १५ मिलिग्रॅम असावे लागते. तेव्हा किनाऱ्यावरील माणसास आयोडीन मिळते ते मुख्यतः मासळीतून, आगरातल्या साध्या मिठातून नव्हे. ते मीठ घाटापलीकडे पोहोचले तरी त्याबरोबर गलगंडाचा प्रतिबंध पोहोचत नाही.

हा प्रतिबंध शक्य आहे हे भारतात कांगडा खोऱ्यात सिद्ध झाले. १९५६ पासून डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन विभागांस आयोडीनयुक्त व तिसऱ्यास साधे मीठ पुरविले. पहिल्या दोहोंत गलगंडाचे प्रमाण लक्षणीय घटले. तिसऱ्यात तसे झाले नाही. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे खाण्यासाठी साध्या मिठाच्या विक्रीवर १९९८ मध्ये केंद्राने बंदी घातली, २००० मध्ये ती उठविली व २००६ मध्ये पुन्हा लागू केली.

या चढउताराचे गांभीर्य चेर्नोबिलच्या इतिहासावरून कळते. २६ एप्रिल १९८६ च्या स्फोटानंतर आयोडीन-१३१ गवतावर पडले, आणि गाईच्या दुधावाटे मुलांच्या शरीरात गेले. त्याचे अर्धायुष्य सुमारे आठ दिवसांचे असते. पण आयोडीनची भूक असलेली ग्रंथी ते अधिक प्रमाणात शोषून घेते. बेलारूस, युक्रेन व रशिया यांच्या सीमेवरील बाधित प्रदेश मुळातच आयोडीन-न्यूनतेचा होता. गलगंडाचे निर्मूलन झाले असे मानून सोव्हिएत काळात आयोडीनयुक्त मिठाचा पुरवठाही ढिला पडला होता. काही वर्षांतच मुलांमधील अवटू कर्करोग वाढू लागला. एलिझाबेथ कार्डिस व सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात, सारख्याच किरणमात्रेमागे आयोडीन-न्यून भागांत धोका सुमारे तिपटीने अधिक आढळला. पोटॅशियम आयोडाइडचे पूरक सेवन केलेल्यांत तो सुमारे एकतृतीयांशावर आला. पोलंडमध्ये मात्र दुर्घटनेनंतर काही दिवसांतच एक कोटीहून अधिक मुलांना स्थिर आयोडीन देण्यात आले होते.

तारापूर येथे चेर्नोबिलसारखी दुर्घटना घडलेली नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आयोडीनयुक्त मीठ हे आणीबाणीतील गोळीची जागा घेऊ शकत नाही, हेही तितकेच खरे. तथापि गोळी तासांच्या हिशेबाने द्यावी लागते, तर ग्रंथीची तृप्ती वर्षानुवर्षांच्या आहारातून घडते. म्हणून मासळी खाणाऱ्या अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून जव्हार-मोखाड्याच्या डोंगरी पाड्यांविषयी अनुमान काढू नये. अणुकेंद्राच्या जिल्ह्यात मिठाची तपासणी ही केवळ अन्नभेसळीची बाब राहत नाही. दुर्घटनेपूर्वीच करावयाच्या संरक्षणाचाही तो एक भाग ठरतो. एकदा आटोक्यात आलेला रोग संपला असे मानण्याची किंमत दुसऱ्याच संकटाच्या वेळी मोजावी लागते, असे हा इतिहास दाखवितो.