कमळाचे फूल : इतिहास आणि बोध



विहाराचा वर्धापनदिन आला की कमळाची आठवण होते. कमानीवर कमळ, मूर्तीखाली कमळ, पोरीच्या मंगल परिणयाच्या पत्रिकेवर सुद्धा कमळच. पण हे फूल आपल्याकडं कुठून आलं आणि ते आपल्याला काय सांगतं, याचा विचार फार थोडी माणसं करतात.

"चिखलात राहूनही कमळासारखं निर्मळ राहावं," हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो. ऐकायला गोड आहे. पण ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या चिखलच आला, त्यांना "तिथंच राहा आणि निर्मळ राहा" असं सांगणं म्हणजे त्यांना जागेवर बसवून ठेवणंच झालं. भगवान बुद्धांना असं सांगायचं होतं का? ते तपासायचं तर थोडा इतिहास बघावा लागेल.

आपल्या भागातल्या खुणा

बौद्ध धम्म १९५६ साली नागपुराहून कोल्हापुरात नवा आला, असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. १८७७ साली इथंच, कोल्हापुरात, एका जुन्या स्तूपाच्या अवशेषांत धातू ठेवण्याची दगडी पेटी सापडली. तिच्यावरच्या ब्राह्मी लेखात दान देणाऱ्या बम्हाचं आणि ते काम करवून घेणाऱ्या धमगुताचं नाव आहे. जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळे गावाशी कोरलेली लेणी आजही उभी आहेत. पोराबाळांना घेऊन एकदा जाऊन या.

आता कऱ्हाड बघा. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भारहूत इथं दोन हजार वर्षांपूर्वीचा मोठा स्तूप होता. त्याच्या दगडी कठड्याचे अवशेष कोलकात्याच्या म्युझियममध्ये ठेवले आहेत. त्या कठड्यावर जागोजागी गोल, उमललेली कमळं कोरलेली आहेत. आणि दान देणाऱ्यांच्या नावांत 'करहकट' या गावाचं नाव पुन्हा पुन्हा येतं. हे करहकट म्हणजे आपलं कऱ्हाड, असं विद्वान मानतात. रेल्वे नाही, मोटार नाही, अशा काळात कृष्णा-कोयनेच्या काठच्या माणसांनी शेकडो कोसांवरच्या त्या कठड्याला हातभार लावला. एक दान तर आख्ख्या गावाच्या नावानं आहे. म्हणजे तेव्हाही लोक वर्गणी काढतच होते.

रायगड जिल्ह्यातल्या कुडे लेण्यांत माळी समाजातल्या दात्यांचे लेख आहेत. फुलं पिकवणाऱ्या, हार गुंफणाऱ्या माणसाचं नाव दगडात कोरलं गेलं. धम्मात कष्टकऱ्याला केवढा मान होता ते यावरून कळतं.

बुद्धांनी सांगितलेले कमळ

पाली साहित्यात कमळाचे दृष्टांत बरेच आहेत. अंगुत्तर निकायात दोण नावाचा ब्राह्मण बुद्धांना विचारतो, आपण देव आहात का, यक्ष आहात का, मनुष्य आहात का? बुद्ध या साऱ्याला नकार देतात आणि कमळाचा दाखला देतात. कमळ पाण्यात जन्मतं, पाण्यात वाढतं, पण पाण्याच्या वर येऊन उभं राहतं आणि पाणी त्याला चिकटत नाही. यातलं 'वर येऊन उभं राहणं' आपण विसरतो आणि 'चिखलात राहणं' तेवढं ध्यानात ठेवतो.

मज्झिम निकायात आणखी एक दृष्टांत आहे. तळ्यात काही कमळं अजून पाण्याखाली असतात, काही पाण्याच्या पातळीला आलेली असतात, काही वर निघालेली असतात. माणसंही तशीच कमीजास्त तयारीची आहेत, पण समजून घेणारी माणसं आहेत, हे बघूनच बुद्धांनी धम्म सांगायचं ठरवलं. जो पाण्याखाली आहे तो कमी जातीचा, असं ते म्हणाले नाहीत.

धम्मपदाच्या पुप्फवग्गात शेवटी रस्त्याकडेच्या उकिरड्यावर उमललेल्या कमळाचा दाखला येतो. याचं जितंजागतं उदाहरण म्हणजे सुनीत. हलक्या मानलेल्या कुळात जन्मलेला हा माणूस देवळातली, रस्त्यातली सुकलेली फुलं झाडून टाकायचं काम करी. लोक त्याला हिणवत. बुद्धांनी त्याला संघात घेतलं आणि तो थेर झाला. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सुनीताची कथा मुद्दाम घेतली आहे. बुद्धांनी त्याला "झाडूच मार, पण मनानं शुद्ध राहा" असं सांगितलं नाही. त्याला वर आणलं.

तळे आपले, पाणी आपले नाही

इ. स. १११० च्या ताम्रपटात नोंद आहे की शिलाहार राजा गंडरादित्य याने मिरजेच्या मुलखात इरुकुडी इथं 'गंडसमुद्र' नावाचं तळं बांधलं आणि त्याच्या काठी शिव, जिन आणि बुद्ध यांची स्थापना केली. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी आपल्या भागात तळ्याच्या काठी बुद्ध होते.

मग काय काळ आला बघा! बुद्धांचं नाव लोकांच्या तोंडून गेलं, आणि तळ्याच्या पाण्याला हात लावायची बंदी आपल्या आज्या-पणज्यांना झाली. कमळ कुठं उगवतं ते लांबून बघायचं, ओंजळभर पाणी घ्यायचं नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ते पाणी हातात घेतलं. त्याआधी २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या होत्या, आणि मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांचं नेतृत्व जाहीरपणे मान्य केलं होतं. या दोघांनी चिखलाचे गोडवे गायले नाहीत. तळंच साफ करायला घेतलं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. चीनमधल्या एका आटलेल्या तळ्याच्या गाळात सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचं कमळाचं बी सापडलं आणि शास्त्रज्ञांनी ते रुजवून दाखवलं, हे १९९५ साली प्रसिद्ध झालं. आपल्या भागातला धम्म तसाच गाळाखाली होता. बी मेलं नव्हतं, पाणी मिळायची वाट बघत होतं.

आपण काय घ्यायचे

पहिली गोष्ट पानाची. सूतगिरणीत एक पाळी काढली की कापसाचा भुगा केसांत, भुवयांत, नाकात बसतो. कमळाच्या पानाला मात्र धूळ चिकटून राहत नाही. जर्मनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ बार्थलॉट यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचं कारण दाखवलं. पानावर मेणाचे बारीक बारीक उंचवटे असतात, त्यामुळं पाण्याचा थेंब गोल होऊन घरंगळतो आणि जाताना धूळ घेऊन जातो. पंचशील म्हणजे आपल्या अंगावरचे तसले उंचवटे. ते रोजच्या वागण्यातच तयार होतात. दारूचा गुत्ता वस्तीत आहे म्हणून आपण प्यायलीच पाहिजे, असं काही नाही.

दुसरी गोष्ट फुलाची. विहारात फूल वाहताना आपण म्हणतो की हे फूल जसं कोमेजेल तसं हे शरीरही जाणार. तेव्हा हातात आहे तो वेळ कारणी लावायचा. नुसतं फूल वाहून घरी गेलं तर पूजा अर्धीच राहिली.

तिसरी गोष्ट देठाची, आणि मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. बाजारात मिळणारी कमळकाकडी आडवी कापून बघा, आत भोकं दिसतात. देठातही तशाच पोकळ नळ्या असतात. वरची पानं हवा घेतात आणि ती या नळ्यांतून खाली चिखलातल्या मुळापर्यंत पोचते. वरच्यानं खाली हवा धाडली नाही तर मूळ गुदमरेल, आणि मूळ कुजलं तर वरचं पान तरी किती दिवस टिकणार?

आपल्यातले जे शिकले, नोकरीला लागले, बंगल्यात राहायला गेले, त्यांचं कौतुकच आहे. ते वर यावेत म्हणूनच आपल्या आईबापांनी हाडाची काडं केली. पण १९५६ साली आग्र्याच्या भाषणात शिकलेल्या माणसांबद्दल बाबासाहेबांना खंत का बोलून दाखवावी लागली, याचा विचार त्यांनी करावा. महिन्यातला एक रविवार वस्तीत या. दहावीच्या पोरांना गणित सांगा, कुणाचा नोकरीचा अर्ज भरून द्या, विहाराच्या कपाटात दोन पुस्तकं ठेवा. फुलदाणीतलं कमळ दोन दिवस शोभून दिसतं, तळ्यातलं बी धरतं.

जय भीम! नमो बुद्धाय!