क्योतोची पत्त्यांची पेढी

दिवाळीच्या पाडव्याला आपल्या जुन्या ग्रंथांनी आणखी एक नाव दिले आहे : द्यूतप्रतिपदा. या दिवशी पार्वतीने द्यूतात शंकराला हरविले अशी कथा आहे, आणि तिच्या आधाराने वर्षातून एक दिवस वडीलधाऱ्यांच्या देखत चार पैसे लावून डाव मांडण्याची मुभा मिळते. मुभा एकाच दिवसाची, रक्कम हसण्यावारी नेण्याजोगी आणि समोर बसलेले सारे आपलेच. एवढी कुंपणे असली म्हणजे जुगारही खेळच राहतो. ती मोडली की काय होते, हे सांगावयास धर्मराजाची साक्ष पुरेशी आहे.

आज हे आठविण्याचे कारण असे की, ज्या जपानी पेढीने तुमच्याआमच्या मुलांना मारिओ नावाचा मिशाळ कारागीर दिला, तिचा सारा इतिहास याच कुंपणावरून चालत आलेला आहे. ती पेढी म्हणजे निन्टेन्डो. टीव्हीला जोडावयाचे खेळयंत्र, ज्याला कन्सोल म्हणतात, ते विकून तिने लौकिक मिळविला. पुढे मोबाइल फोन आला, खेळ फुकट वाटला जाऊ लागला, आणि 'आता पेट्या विकणे सोडा, फोनवर या' असा तगादा तिच्यामागे लागला. त्या वेळी तिने काय केले, हे समजण्यासाठी पत्त्यांच्या कॅटापासून सुरुवात केली पाहिजे.

जपानला पत्ते दिले ते पोर्तुगीजांनी. १५४३ साली त्यांची पहिली माणसे जपानच्या किनाऱ्याला लागली. १५४९ साली फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला उतरला, तो गोव्याहूनच निघालेला होता. गोवा, मकाव आणि नागासाकी या वाटेवर पुढे पोर्तुगीज जहाजांची नित्याची ये-जा सुरू झाली. पत्त्यांना पोर्तुगीज 'कार्ता' म्हणत. जपानी जिभेवर त्याचे 'कारुता' झाले आणि तो शब्द आजही तेथे रुळलेला आहे. परंतु पत्त्यांमागोमाग जुगार आला, जुगारामागोमाग राज्यकर्त्यांची बंदी आली. एका प्रकारच्या पत्त्यांना बंदी झाली की लोकांनी नवीन नक्षीचे पत्ते काढावे, त्यांनाही बंदी व्हावी, की आणखी निराळे काढावे, असा लपंडाव कित्येक पिढ्या चालला. त्यातूनच अखेर 'हानाफुदा', म्हणजे फुलांचे पत्ते, जन्माला आले. एकूण पत्ते ४८. वर्षाचे महिने १२ आणि प्रत्येक महिन्याच्या फुलाचे वा झाडाचे चार पत्ते. आकड्यांच्या जागी फुले आली, एवढाच काय तो फरक. खेळणाऱ्यांचे हिशेब मात्र चुकले नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंधने सैल झाली आणि १८८९ साली क्योतो शहरात फुसाजिरो यामाउची या कारागिराने हानाफुदा बनविण्याचे दुकान काढले. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांप्रमाणे हेही हातकामच होते. 'निन्टेन्डो' या नावाचा अर्थ सामान्यतः 'दैवावर सोपवावे' असा लावतात. पत्त्यांच्या दुकानाला याहून साजेसे नाव कोणते असणार! सांगतात की, चांगले गिऱ्हाईक जुगाराच्या अड्ड्यांचे असे, कारण मुरलेले जुगारी प्रत्येक डावाला कोरा कॅट मागत.

१९४९ साली संस्थापकाचा पणतू हिरोशी यामाउची पेढीवर बसला. वय फक्त २१-२२. १९५३ साली त्याने प्लॅस्टिकचे पत्ते काढले, आणि १९५९ साली वॉल्ट डिस्नेच्या चित्रांचे पत्ते बाजारात आणले. पत्ता तोच, पण त्यावर मिकी उंदीर आल्याबरोबर तो अड्ड्यावरून उठून घरच्या चटईवर येऊन बसला. आई, बाप आणि मुले यांनी एकत्र खेळावयाची वस्तू म्हणून पत्ते विकता येतात, हे या पेढीला तेव्हा उमगले. तिच्या पुढच्या साऱ्या वैभवाचे बीज या एका पालटात आहे, असे मला वाटते.

पुढची वाट मात्र सरळ नव्हती. इतर धंद्यांत हात घालून पाहिला, तो पोळला. मग गुनपेई योकोई हा कारखान्यातला यंत्रे दुरुस्त करणारा तरुण पुढे आला. १९६६ साली त्याने करमणुकीसाठी केलेला लांबणारा चिमटा 'अल्ट्रा हँड' या नावाने दहा लाखांच्या वर खपला. योकोईचे सूत्र असे की, जुनी, स्वस्त आणि पुरती मुरलेली यंत्रविद्या घ्यावी आणि तिचा निराळाच उपयोग शोधावा. १९८० साली त्याने कॅलक्युलेटरच्या पडद्यावर खेळ बसविला आणि 'गेम अँड वॉच' तयार झाले. १९८१ साली शिगेरू मियामोतोने 'डाँकी काँग' रचला व त्यात मारिओ प्रथम उडी मारून गेला. १९८३ च्या जुलैत १४,८०० येनांचे 'फॅमिकॉम' हे घरगुती यंत्र आले, आणि १९८९ साली, पेढीच्या शंभराव्या वर्षी, खिशात मावणारे 'गेमबॉय'.

या धंद्याचे गणित साधे होते. यंत्र एकदा घ्यावयाचे. मग हवा तो खेळ, त्याची किंमत मोजून, निराळा घ्यावयाचा. दुसऱ्या कंपनीने या यंत्रासाठी खेळ केला तर तिने निन्टेन्डोला हिस्सा द्यावयाचा. किंमत थोडी नव्हे, पण ती डोळ्यांसमोर असे. बापाने वाढदिवसाला खेळ आणून दिला की पुढे मुलाने तो दहा वेळा खेळावा की हजार वेळा, गल्ल्यात आणखी छदामही पडत नसे.

हे गणित मोडले ते फोनने. १९९९ च्या फेब्रुवारीत डोकोमो या कंपनीने 'आय-मोड' सेवा सुरू केली आणि जपानी माणूस इतर जगाच्या आधी फोनवर वाचू, पाहू आणि खेळू लागला. रोजचा लांबचा रेल्वेप्रवास, त्यात एका हाताने दांडी धरलेली. दुसऱ्या हाताला फोनच बरा. डीएनए आणि ग्री या कंपन्यांनी त्यावर खेळांचे बाजार मांडले. येथे खेळ फुकट. पैसे पडत ते 'गाचा' या युक्तीत. जपानात दुकानांच्या दारांशी खेळण्यांची यंत्रे असतात. नाणे टाकून मूठ फिरविली की खडखडाट होऊन एक डबी खाली पडते, आणि आत कोणते खेळणे आहे ते उघडल्यावरच कळते. हीच सोडत फोनमध्ये आली. हवा तो वीर मिळेतो मूठ फिरवीत राहा! दुकानापाशी निदान खिशातली नाणी संपत. येथे तीही अडचण राहिली नाही.

२०१२ च्या मे महिन्यात जपानच्या ग्राहक-संरक्षण खात्याने यातील एका प्रकाराला चाप लावला. सोडतीतून ठरावीक चित्रांचा पूर्ण संच जमेल त्यालाच दुर्मीळ बक्षीस, असा तो प्रकार. शेवटचे एक चित्र काही केल्या निघत नाही, आणि माणूस पैसे ओतीत बसतो. हा प्रकार बेकायदा ठरला. साधी सोडत मात्र चालूच राहिली. त्याच वर्षी गंगहो कंपनीच्या 'पझल अँड ड्रॅगन्स'ने फोनवर उत्पन्नाचे असे डोंगर रचले की जुन्या पेढ्यांचे डोळे दिपले.

मग ज्याने त्याने आपापला मार्ग धरला. कोनामीला २०१० सालीच फोनवर मोठे यश लाभले होते. २०१५ साली तिच्या नव्या अध्यक्षाने यापुढे मोबाइललाच प्राधान्य असे सांगितले आणि त्याच वर्षाअखेर तिचा नामांकित रचनाकार हिदेओ कोजिमा बाहेर पडला. स्क्वेअर एनिक्सने दोन्ही दगडांवर पाय ठेवले. कॅपकॉमने आपली ताकद मुख्यतः मोठ्या यंत्रांच्या खेळांतच ओतली, आणि २०१८ सालच्या 'मॉन्स्टर हंटर : वर्ल्ड'ने तिला कधी नव्हे इतका खप मिळवून दिला.

निन्टेन्डोवर या काळात कठीण प्रसंग आला होता. २००२ सालापासून सातोरू इवाता अध्यक्ष होता. यामाउची घराण्याबाहेरचा हा पहिलाच. मुळात संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा माणूस. त्याच्याच कारकीर्दीत 'डीएस' आणि 'वी' ही यंत्रे अफाट खपली होती. परंतु २०११ च्या फेब्रुवारीत २५,००० येनांना काढलेले 'थ्रीडीएस' पडून राहिले, आणि सहा महिन्यांत त्याची किंमत १५,००० येनांवर आणावी लागली. इवाताने स्वतःचा पगार निम्म्यावर आणला. २०१२ च्या मार्चअखेर ४,३२० कोटी येनांचा तोटा चोपडीत लिहिला गेला. त्यानंतरचे 'वी यू'ही फसले. २०१४ साली त्याने पुन्हा पगार निम्मा केला. माणसे कमी करा म्हणजे आकडे सुधारतील, असे सुचविणारे होतेच. त्याचे म्हणणे असे की, उद्या आपलीही पाळी येईल या भीतीने काम करणाऱ्यांच्या हातून जगाला आनंद देणारी वस्तू घडत नाही. तो कपातीला तयार झाला नाही.

फोनलाही तो सहजी तयार नव्हता. त्याची भीती पैशापेक्षा मोलाची होती. खेळ फुकट मिळावयाची वस्तू आहे अशी सवय एकदा लोकांना लागली, म्हणजे तो जीव ओतून रचण्याचे कारण उरत नाही. तरी १७ मार्च २०१५ रोजी त्याने फोनबाजारातल्या डीएनए कंपनीशी करार जाहीर केला. दोघांनी एकमेकांचे सुमारे २,२०० कोटी येनांचे भाग घेतले. आणि त्याच सभेत, कोणी मागितले नसता, 'एनएक्स' या गुप्त नावाचे नवे खेळयंत्र तयार होत असल्याचेही त्याने सांगून टाकले. फोनवर जातो आहो, पण घर सोडून नव्हे, हे त्याला एका दमात सांगावयाचे होते. चारच महिन्यांनी, ११ जुलै २०१५ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी तो आजाराने वारला. एनएक्स त्याने बाजारात आलेले पाहिले नाही.

पुढे जे घडले ते या पेढीच्या दोन स्वभावांचे द्वंद्वच होते. २०१६ च्या डिसेंबरात फोनवर 'सुपर मारिओ रन' आला. चवीपुरता भाग फुकट, मग एकदाच १,२०० येन द्या आणि सारा खेळ तुमचा. जुन्या काळचा सरळ सौदा. वर्षाच्या आत २० कोटी वेळा तो फोनवर उतरविला गेला; पण पुरेसा नफा अजून झालेला नाही, हे पेढीला कबूल करावे लागले. उलट २०१७ च्या फेब्रुवारीत आलेल्या 'फायर एम्ब्लेम हीरोज'मध्ये सोडत होती, आणि त्याने पैसा भरपूर आणला. एका हाताला प्रामाणिक किंमत, दुसऱ्या हाताला जुन्या अड्ड्याची आठवण. आणि गल्ला दुसऱ्या बाजूला भरत होता!

निन्टेन्डोने तो पैसा नाकारला असे म्हणता येणार नाही. २०१९ साली बेल्जियममधील सोडतीविषयीच्या कायद्यामुळे तिला तेथील दोन फोनखेळ काढून घ्यावे लागले, तोवर ते चालूच होते. परंतु त्याच वर्षी 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने असेही वृत्त दिले की, खेळणाऱ्यांकडून फार पैसा उपसू नका, असे ही पेढी आपल्या भागीदारांना सांगते आहे. व्यापारात असे सांगणारा विरळाच. त्यामागे साधुत्व असेल किंवा नुसता दूरदृष्टीचा हिशेब. ज्या मुलाच्या बापाला मारिओच्या नावाने महिन्याचे बिल पाहून घाम फुटला, तो बाप पुन्हा मारिओ घरात येऊ देणार नाही.

एनएक्स 'स्विच' या नावाने ३ मार्च २०१७ रोजी आले. घरी टीव्हीला जोडावे, बाहेर निघताना उचलून पिशवीत टाकावे, असे ते एकच यंत्र. फोन आणि टीव्ही यांत निवड करावयाच्या ऐवजी घर आणि प्रवास यांतली भिंतच त्याने पाडली. आठ वर्षांत ते १५ कोटींहून अधिक खपले, आणि २०२५ च्या जूनमध्ये त्याचे दुसरे रूप आले. २०२१ च्या मार्चअखेर संपलेल्या वर्षी पेढीची एकूण विक्री सुमारे १,७५,८९० कोटी येनांची होती. फोनखेळ आणि स्वामित्वहक्क मिळून त्यातले फक्त ५,७०० कोटी. म्हणजे फोन हे या पेढीचे घर झाले नाही, अंगण झाले. येणाऱ्याजाणाऱ्याने मारिओला अंगणात ओळखावे, आणि मग घरात यावे.

अंगणातल्या रांगोळ्या पुसल्याही गेल्या. 'मीतोमो' २०१८ साली बंद झाला, 'डॉ. मारिओ वर्ल्ड' २०२१ साली, 'ड्रॅगालिया लॉस्ट' २०२२ साली. दूरच्या संगणकाचा आधार तुटला की फोनमधला असा खेळ नाहीसा होतो. त्यावर केलेला खर्च आणि जमविलेले वीर त्याबरोबर जातात. १९८३ च्या फॅमिकॉमची पेटी माळ्यावरून काढून जोडली, तर तो खेळ आजही सुरू होईल. २०२४ च्या अखेरीस 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग'चा फोनखेळ बंद करताना मात्र एकदाच किंमत मोजून कायम ठेवता येईल अशी आवृत्ती पेढीने काढली. सात वर्षे हिंडून सौदा पुन्हा जुन्या ठिकाणी आला.

क्योतोजवळच्या उजी येथे, जेथे एकेकाळी या पेढीचा पत्त्यांचा कारखाना होता, तेथे २०२४ च्या ऑक्टोबरात तिने संग्रहालय उघडले. फॅमिकॉम, गेमबॉय आणि तो लांबणारा चिमटाही तेथे आहे, आणि पाहुण्यांना स्वतःच्या हातांनी हानाफुदा बनविता येतात. खेळून पाहण्यासाठी प्रवेशपत्राबरोबर दहा नाणी मिळतात. खरी नव्हेत, हिशेबातली. कोणत्या खेळाला किती लागतील ते आधी ठरलेले असते. दहा संपली की संपली. कितीही पैसे देऊ केले तरी अकरावे नाणे विकत मिळत नाही.

यंदा पाडव्याला सारीपाट मांडाल, पत्ते पिसाल, किंवा मुलांच्या हातचा फोन घेऊन त्यांचा खेळ पाहाल, तेव्हा त्या दहा नाण्यांची गोष्ट मुलांना अवश्य सांगा.