पंचगंगेची सुट्टी

कोल्हापुरात थंडीमुळे शाळा बंद राहिल्याचं मला आठवत नाही. जानेवारीत पहाटेचा पारा बारा-तेरा अंशांवर उतरला की सकाळच्या शाळेची मुलं कानटोपी घालून, हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेऊन निघतात. शाळा काही थांबत नाही. २०२४च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, पण त्यामागे थंडी नव्हती, मुलांची अपुरी झोप होती. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले की वर्तमानपत्रांत फोटो येतो आणि पर्यटकांच्या गाड्या वाढतात, एवढंच आपलं बर्फ.

जिथे खरा बर्फ पडतो तिथे शाळेचं वर्षच त्याच्याभोवती बेतलेलं असतं. हिमाचल प्रदेशात सरकारी कागदांवरच शाळांचे दोन प्रकार आहेत: उन्हाळ्यात मोठी सुट्टी घेणाऱ्या आणि हिवाळ्यात मोठी सुट्टी घेणाऱ्या. काश्मीर खोऱ्यात परीक्षा नोव्हेंबरात उरकून मुलं बर्फाचे महिने घरी काढत. २०२२मध्ये देशाशी एकसारखं वेळापत्रक हवं म्हणून तिथलं वर्ष मार्चवर नेलं गेलं आणि दोन वर्षांनी, २०२४च्या शरदात, नव्या सरकारने नववीपर्यंतच्या परीक्षा पुन्हा नोव्हेंबरात आणल्या. निसर्गाच्या एका ऋतूला वेळापत्रकात जागा द्यायची की नाही, यावर तिथे सरकारं निर्णय फिरवतात. आपल्याकडे ही जागा मागणारा ऋतू पावसाळा आहे. आणि आपण त्याला ती जवळजवळ कुठेच दिलेली नाही.

‘जवळजवळ’ म्हणायचं कारण सातारा जिल्हा. तिथे महाबळेश्वर, जावळी, पाटण या भागांतल्या अतिपावसाच्या डोंगरी शाळा उन्हाळ्यात भरत आणि भर पावसात बंद राहत आल्या आहेत. बाकी राज्य आंबे खात असताना ही मुलं वर्गात, आणि बाकी राज्य नवी पुस्तकं उघडतं तेव्हा ही घरी. कोयनेच्या खोऱ्यात ज्याला शहाणपण म्हणावं अशी ही व्यवस्था, पण कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून पंचावन्न किलोमीटरवरच्या कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास. दोन्हीकडच्या शाळा जूनमध्ये एकाच सुमाराला सुरू होतात.

म्हणून आमच्याकडची सुट्टी वेळापत्रकातून येत नाही, नदीतून येते. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात, तीही फूट आणि इंचांत. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. जुलै उजाडला की हे आकडे रिक्षावाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी. “आज किती?” असं कुणी विचारलं तर शेअर बाजार किंवा सोनं मनात येत नाही. ‘पाणी पात्राबाहेर पडलं’ हे वाक्य इथलं पोर मराठीच्या पुस्तकातून शिकत नाही, घरातून शिकतं. त्यात राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे: धरण भरलं की पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. त्यातला कितवा उघडला यावर भोगावतीकाठच्या घरांत रात्रीची झोप ठरते आणि सकाळी शाळा भरणार की नाही याचा अंदाजही.

हे धरण राजर्षी शाहू महाराजांच्या काळात सुरू झालं, हे सगळ्यांना माहीत असतं. सक्तीचं शिक्षणही त्यांनीच आणलं, हेही माहीत असतं. या दोन गोष्टी एका गावात कशा भेटतात याकडे मात्र फारसं लक्ष जात नाही, आणि मला इतिहास म्हणून तेच महत्त्वाचं वाटतं.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचं विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडलं. पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. सयाजीरावांनी बडोद्यात १८९३ला अमरेलीपासून सुरुवात केलेली होती आणि १९०६ला ती संस्थानभर नेली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला तो १९१७मध्ये. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्या वेळच्या मजुराला हा रुपया लहान नव्हता. इमारतींसाठी थांबायचं नाही, देऊळ, चावडी, धर्मशाळा जी जागा असेल तिथे वर्ग भरवायचे, असं धोरण होतं. आणि या कायद्याखालची पहिली शाळा मार्च १९१८मध्ये सुरू झाली ती करवीर भागातल्या चिखलीत.

चिखली म्हणजे प्रयाग चिखली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी लोकांच्या श्रद्धेतली गुप्त सरस्वती यांच्या संगमाचं गाव. पंचगंगा हे नाव नदीला जिथे मिळतं ती जागा. पंचगंगेला पूर आला की शेजारच्या आंबेवाडीबरोबर जे नाव बातम्यांत सर्वांत आधी येतं ते हे. दक्षिण महाराष्ट्रात ‘प्रत्येक मूल शाळेत हवं’ हा हुकूम पहिल्यांदा अमलात आला तो नेमका अशा गावात, जिथून पावसाळ्यात बाहेर पडणंच अवघड होतं. मार्चमध्ये शाळा सुरू करणाऱ्यांना त्या दिवशी नदी पायाखाली शांत दिसली असणार. कायदा लिहिणाऱ्याचा ऋतू आणि कायदा पाळणाऱ्याचा ऋतू वेगळा असतो, ही गोष्ट तेव्हापासून सुरू आहे. महाराजांना दोष देण्याचा हेतू नाही. उलट, गाव शहरापासून जवळ आणि शेतकऱ्यांचं, म्हणूनच निवडलं गेलं असावं असं मला वाटतं. पण गैरहजेरीला दंड लावणाऱ्या कायद्याला एक प्रश्न पहिल्याच पावसाळ्यात भेटला असणार: मूल आलं नाही की वाट आली नाही?

१९८९च्या महापुरानंतर चिखली आणि आंबेवाडीच्या पुनर्वसनासाठी सोनतळीला जागा देण्यात आली. सोनतळी म्हणजे शाहू महाराजांचा जुना कॅम्प. उंचावरची, पाणी न येणारी जागा. तरी गाव पूर्ण हललं नाही. जनावरं कुठे बांधायची, ऊस कुणी राखायचा, दूध डेअरीला कसं घालायचं, हे प्रश्न भूखंडाने सुटत नाहीत. त्यामुळे वर्षाचे दहा-अकरा महिने खाली आणि पाणी चढलं की वर असा मुक्काम अनेकांचा चालतो. शाळकरी मुलाच्या दृष्टीने ही दोन गावं आहेत आणि दप्तर एकच.

२००५च्या जुलैत पाणी शहरात शिरलं तेव्हा अनेकांना वाटलं, आता एवढं पुन्हा नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ७ इंच नोंदलं गेलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. शहराला पिण्याचं पाणी नव्हतं, कारण पाणी उपसणारे पंपच बुडाले होते. त्या दिवसांत शाळांना सुट्टी होती असं म्हणणं अर्धंच खरं. बऱ्याच शाळा उघड्या होत्या, फक्त वर्ग भरलेले नव्हते: बाकं भिंतीला लावून सतरंज्या अंथरल्या होत्या, फळ्यावर कुटुंबांची यादी, व्हरांड्यात चपात्यांची पिंपं. शिक्षक निवारा केंद्राच्या नोंदी ठेवत होते. पाणी ओसरल्यावर रस्ता सुरू झाला, बाजार सुरू झाला, पण ज्या शाळेत माणसं राहिली ती शाळा माणसं परत जाईपर्यंत शाळा झाली नाही. ज्या शाळेत पाणी राहिलं तिथे आधी गाळ, मग जंतुनाशक, मग भिजलेले दाखले आणि हजेरीपत्रकं उन्हात वाळवणं. बर्फाळ देशात शाळा बंद म्हणजे इमारत कुलूपबंद. इथे शाळा बंद म्हणजे इमारत दुसऱ्या कामाला.

२०२१मध्ये पाणी आणखी वर गेलं, ५६ फूट ३ इंच. पण त्या वर्षी सुट्टी जाहीर करण्याचा प्रश्नच फारसा उरला नव्हता. कोविडमुळे वर्ग आधीच बंद होते. अभ्यास मोबाइलवर चालू होता आणि पुरात वीज गेली, मोबाइल बंद पडले, तेव्हा तोही थांबला. शाळा बंद असतानाही शाळा बंद पडू शकते, हे त्या जुलैने दाखवलं. त्या दिवसांची नोंद कोणत्याच रकान्यात बसली नाही.

आता सुट्टी कोण देतं? आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ साली आला आणि जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले. त्यांचा आदेश रात्री किंवा पहाटे मोबाइलवर येतो. (त्याआधी गेल्या वर्षीच्या आदेशाची तारीख बदललेली प्रत फिरून गेलेली असते, पोरांची ही कला दर पावसाळ्यात सुधारत चालली आहे.) ही व्यवस्था वाईट नाही. एका सहीने हजारो मुलं ओढ्याच्या पाण्यापासून लांब राहतात. मुख्याध्यापकांच्या हातातही वर्षाला दोन दिवसांची सुट्टी असते, पण ती बहुतेक गावच्या यात्रेला खर्ची पडते, आणि कोल्हापूर जिल्ह्यात यात्रेला सुट्टी न देणारा मुख्याध्यापक टिकणं कठीण.

अडचण आदेशाच्या आधीच्या दिवसांत आहे. आमच्याकडचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाणी अडवतात तसे पुलासारखे वापरलेही जातात. नदी इशारा पातळीच्या बऱ्याच खाली असतानाच एकामागून एक बंधारे पाण्याखाली जातात. गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीला पाणी येतं. रत्नागिरी रस्त्यावर केर्लीला येतं. शहरात सुतारवाड्यातल्या कुटुंबांना चित्रदुर्ग मठात हलवतात, तेव्हा निम्म्या शहराला पुराचा पत्ताही नसतो आणि शाळा व्यवस्थित भरलेल्या असतात. बंधाऱ्यापलीकडच्या वस्तीवरच्या मुलीची मात्र त्या दिवशी गैरहजेरी लागते. पाणी ४३ फुटांवर गेलं की तीच मुलगी, त्याच कारणाने घरी बसलेली, सुट्टीवर असते. पहिल्या नोंदीत ती गेली नाही, दुसऱ्या नोंदीत शाळा भरली नाही. फरक पडतो, कारण बुडालेल्या सुट्टीचे दिवस भरून काढायचा नियम आहे आणि गैरहजेरीचे दिवस ज्याचे त्याने पाहायचे.

शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस ठरवून दिले आहेत. पूर मोठा झाला की हे दिवस रविवारी, शनिवारी दुपारी किंवा दिवाळीच्या सुट्टीतून कापून भरले जातात. त्यावर पालक कुरकुरतात, शिक्षकही. पण शहरातल्या शाळेत भरून काढलेला रविवार म्हणजे खरंच एक तास गणिताचा असतो. नदीकाठच्या गावात तो रविवार गाळ उपसून रानात परत ऊस उभा करण्याचे दिवस चालू असताना येतो, आणि मोठी मुलं रानात असतात.

मी काही शिक्षकांना विचारलं, साताऱ्यासारखी पावसाळी सुट्टी आपल्या गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीच्या शाळांना का नको? उत्तरं निरनिराळी होती. एकाने मुलांच्या जूनमधल्या दाखल्यांचं आणि पुस्तकवाटपाचं कारण सांगितलं. दुसऱ्या बाईंनी विचारलं, मे महिन्यात पत्र्याच्या वर्गात कोण बसेल? तिसरे निवृत्तीला आलेले गुरुजी. ते म्हणाले, आमच्या हजेरीत जुलैचा ‘ग’ सगळ्यांत जास्त असतो, तो गैरहजेरीचा आहे की गगनबावड्याचा, हे कुणी पाहिलं तर बरं होईल. मग ते हसले आणि मला चहाला आत घेऊन गेले, कारण बाहेर पाऊस वाढला होता आणि शेवटची एसटी मांडुकलीच्या अलीकडूनच परत फिरणार असं कळलं होतं.