जागलीला कंदील की एलईडी? आखाड्यावर जाण्याआधी हे वाचा

हिंगोली : हरभरा, गहू रानात उभा असला की आखाड्यावर मुक्काम ठरलेला. रात्रीच्या पाळीची लाईन आली की पाणी द्यायचं, नाहीतर रोही अन् रानडुकरांसाठी जागल करायची. औंढा, सेनगाव, कळमनुरीच्या डोंगराकडच्या शिवारात हे नेहमीचंच. अशा वेळी सोबत दिवा कोणता घ्यावा?

कंदील
कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील एकेकाळी गावोगाव होता. कंदिलाला चार्जिंग लागत नाही, वाऱ्यात तो सहसा विझत नाही, वात खाली केली की रात्रभर चालतो. पण रेशनचं निळं रॉकेल आता मिळेनासं झालंय. मग कोणी डिझेल भरतं. त्यानं धूर होतो, काच काळी पडते. पेट्रोल तर थेंबभरही मिसळू नका, भडका उडतो.

दार लावून, कंदील पेटता ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपेतच जीव जाऊ शकतो. कडब्याच्या गंजीजवळ, गोठ्यातही टांगू नका.

आणखी एक उणीव म्हणजे दिव्याखाली अंधार. कंदील हातात धरून चाललं की टाकीची सावली नेमकी पायाजवळ पडते. साप असतो तिथंच.

एलईडी
निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ साली नोबेल मिळालं. त्यातूनच आजचा पांढरा एलईडी आला. आग नाही, धूर नाही, उजेड कंदिलापेक्षा कितीतरी जास्त. घेताना एवढं बघा :

• लिथियम बॅटरीवर २००० एमएएच लिहिलेलं असेल तर १ वॅटचा दिवा साधारण ६-७ तास चालतो. त्यावरून हिशोब करा.
• पावसात वापरायचा तर आयपी ६५ किंवा त्यापुढचा घ्या.
• पांढऱ्यापेक्षा पिवळसर उजेडावर किडे कमी येतात. किड्यांमागं बेडूक, बेडकांमागं साप येतो.
• स्वस्त बॅटऱ्यांत शिसं-आम्लाचा सेल असतो. महिनोन्महिने चार्ज न करता ठेवला की तो मरतो.
• बॅटरी फुगली की चार्जिंगला लावू नका. पत्र्याखाली उन्हात ठेवू नका.
• सोलर दिवा आभाळ आलं की पुरता चार्ज होत नाही. केबलनंही चार्ज होणारा घ्या.

मग घ्यावं काय?
दोन दिवे ठेवा. एक डोक्याला बांधायची बॅटरी, म्हणजे दारं धरताना दोन्ही हात मोकळे राहतात. दुसरा आखाड्यात टांगायचा पिवळा दिवा. घरातला जुना कंदील मोडीत काढू नका. रॉकेल मिळालं तर अडीअडचणीला, उघड्यावर तो कामी येतो.

दिवा कोणताही असो, उजेड पुढच्या पावलावर पाडा, पायात बूट घाला, हातात काठी ठेवा. झोपायचं ते बाजेवर, मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचून. मण्यार रात्रीच फिरतो आणि त्याचा दंश कित्येकदा कळतही नाही. साप चावलाच तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडं वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावरची लस तिथंच मिळते.