रसायनशास्त्राच्या वर्गापर्यंतची वाट

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप मंडळाच्या चिटणीसबाईंनी पाठवला, तेव्हा त्यांची अपेक्षा स्वयंपाकघरातील रसायनाची होती. लोणच्याला बुरशी का येते, पितळेच्या भांड्यात ताक का कळकते, अशा विषयावर मी चार पाने लिहावीत, असे त्यांचे म्हणणे. तो लेख पुढल्या वर्षी देईन. यंदा मात्र जून महिन्यात मंडळाच्या कार्यालयात औसा तालुक्यातील एक मुलगी फीच्या मदतीसाठी अर्ज घेऊन आली आणि तिच्या अर्जावरून माझा साठ वर्षांमागचा अर्ज मला आठवला. तेव्हा तेच लिहिते.

मुलगी विज्ञान शाखेतून बारावी झालेली, गुण चांगले. तिला बी. एस्सी.ला पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय घ्यावयाचे होते. प्रवेशाच्या खिडकीवर तिला सांगण्यात आले की बारावीला गणित नाही, तेव्हा रसायनशास्त्राबरोबर वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घ्या. गणित का सोडलेस, असे मी विचारले. ती म्हणाली, "आजी, दहावीनंतर सगळेच म्हणाले, डॉक्टर व्हायचंय तर गणित कशाला?"

प्रवेशाची अट आपल्याला कळते ती अर्ज भरण्याच्या दिवशी, पण ती हुकलेली असते कितीतरी आधी, घरात नाही तर शाळेत. आपल्या नांदेड-लातूरकडील मुलींच्या बाबतीत ही गोष्ट प्रत्येक पिढीत घडली. प्रत्येक वेळी कारण तेवढे निराळे.

आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, हे आपल्या मंडळातील ज्येष्ठ भगिनींना सांगावयास नको. परंतु हल्लीच्या मुलींना ते सांगावे लागते. संस्थानाचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले आणि तेथे सर्व शिक्षण उर्दूतून होते. विज्ञानसुद्धा उर्दूतून. त्यासाठी १९१७ सालीच भाषांतराचे एक स्वतंत्र खाते, 'दारुल तर्जुमा', उघडून इंग्रजी ग्रंथांची उर्दू भाषांतरे करवून घेतली गेली. मौलवी अब्दुल हक हे त्या खात्याचे पहिले प्रमुख. देशी भाषेतून पदवीपर्यंतचे विज्ञान शिकविण्याचे धाडस त्या काळी तेथे झाले, याचे श्रेय दिलेच पाहिजे. दुर्दैव एवढेच की ती भाषा आपल्या घरची नव्हती. ज्याला कॉलेजात जावयाचे त्याने आधी हायस्कूलपासून उर्दू पक्के करावयाचे. मुलाला पोटासाठी ते करावे लागे, म्हणून घरचे त्याला पाठवीत. मुलीला कोण पाठविणार? तिची शाळा बहुतेक घरांत मराठी चौथीशी थांबे. हैदराबादेत मुलींचे निराळे कॉलेज १९२४ साली निघाले होते खरे. पण नांदेडहून तेथे जाणे म्हणजे मीटर गेजच्या गाडीचा लांबचा प्रवास आणि परक्या शहरातील मुक्काम. विद्यापीठाच्या नियमात मुलींना मज्जाव नव्हता. मज्जाव चौथीनंतरच होऊन गेलेला असे.

माझे वडील त्या उस्मानियाच्या इंटर सायन्सपर्यंत शिकले. पुढे ते शिकले नाहीत. १९३८ साली वसतिगृहांतून 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल उस्मानियाने शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकले, त्यांत त्यांचे दोन सोबती होते. त्या मुलांना नागपूर विद्यापीठाने घेतले. कुलगुरू केदार यांनी आपल्या विद्यापीठाचे दार उघडले, म्हणून कित्येकांच्या पदव्या पुऱ्या झाल्या. वडील ही हकीगत सांगताना नेहमी म्हणत, की नियमावर बोट ठेवले असते तर केदारसाहेबांनाही नाही म्हणता आले असते.

नियमावर बोट ठेवणे काय असते, हे ब्रिटिश मुलखातील एका मराठी मुलीने त्याच्या आधीच अनुभवले होते. कमला भागवत, म्हणजेच पुढच्या डॉ. कमला सोहोनी, यांनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन पहिल्या क्रमांकाने केली. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. तेव्हा तिनेही तेथेच अर्ज केला. माध्यमाचा प्रश्न नव्हता, गुणांचा नव्हता, घरच्यांचाही नव्हता. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर सी. व्ही. रामन, आणि मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई तेथे जाऊन बसल्या आणि हटल्या नाहीत. शेवटी त्यांना घेतले ते अटींवर: पहिले वर्ष परीक्षेचे समजावे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करावे, आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये. ही शेवटची अट वाचून मला आजही संताप येतो. त्या बाई पुढे केंब्रिजला गेल्या, १९३९ साली तेथील पीएच. डी. मिळवून परतल्या, आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालिका झाल्या. गंमत अशी की त्या केंब्रिजने स्त्रियांना विद्यापीठाच्या पूर्ण सभासद करून घेतले ते १९४८ साली. म्हणजे आपला मराठवाडा स्वतंत्र झाला त्याच वर्षी. तेव्हा मागासलेपणाबद्दल एकट्या मराठवाड्याने लाजावे असे काही नाही.

स्वातंत्र्यानंतर उस्मानियात इंग्रजी आले. १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले आणि त्याच वर्षी औरंगाबादेस डॉ. आंबेडकरांच्या संस्थेचे महाविद्यालय, पुढचे मिलिंद. ज्या गावात मुलगी राहते त्याच गावात कॉलेज, ही मराठवाड्यात केवढी क्रांती होती, ते आज कोणाच्या ध्यानात येणार नाही. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झाले. १९६१ साली लातूरला दयानंद शिक्षण संस्था उभी राहिली. १९६३ साली नांदेडला सायन्स कॉलेज आणि यशवंत महाविद्यालय. लातूरच्या मुलींना त्याआधी सोलापूर नाही तर अंबाजोगाई गाठावी लागे. सोलापूरकडे जावयाचे तर बार्शी लाइनच्या छोट्या गाडीने कुर्डुवाडीपर्यंत. ती गाडी लातूरला १९११ साली आली आणि इतकी सावकाश चाले, की माझ्या सासूबाई म्हणत, उतरून हरभरा उपटून पुन्हा चढता येते.

आता माझी हकीगत. मी १९६२ साली नांदेडला मॅट्रिक झाले. मॅट्रिकला अवघड गणित, म्हणजे बीजगणित-भूमिती, आणि सोपे गणित असे दोन रस्ते होते. आमच्या शाळेत मुलींसाठी सोपेच गणित असे. बीजगणिताच्या तासाला आम्ही शिवण शिकत असू. त्यात काही उणे आहे असे आम्हांला वाटले नाही, आमच्या आयांनाही वाटले नाही. निकाल लागला, प्रथम वर्ग मिळाला, पेढे वाटले, आणि पी. यू. सी. सायन्सचा अर्ज घेऊन गेले तेव्हा कारकुनाने गुणपत्रिकेवर बोट ठेवले. बीजगणित-भूमिती नाही, सायन्सला प्रवेश नाही. आर्ट्सला जा.

घरी येऊन मी रडले. आई म्हणाली, बरे झाले, आर्ट्सच बरे. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठविले आणि कंदिलापुढे पाटी ठेवली. त्यांचे सारे गणित उर्दूतले. त्रिकोणाला ते मुसल्लस म्हणत, वर्तुळाला दायरा. मराठी पुस्तक मी वाचावयाचे आणि उर्दूतून त्यांनी समजवावयाचे, अशी आमची शाळा वर्षभर चालली. सिद्धता पुरी झाली की ते पाटीवर थाप मारीत. ते दोन विषय पुन्हा परीक्षेस बसून मी काढले आणि १९६३च्या जूनमध्ये त्याच खिडकीवर उभी राहिले. एक वर्ष गेले. त्या वर्षात माझ्यासाठी दोन स्थळे आली होती हेही सांगितले पाहिजे. वडिलांनी 'मुलगी अभ्यास करते आहे' म्हणून ती परतविली.

पी. यू. सी. एक वर्ष, त्यापुढे पदवीची तीन वर्षे. वर्गात आम्ही मुली मोजक्याच, पहिल्या बाकावर. शिक्षण इंग्रजीतून. त्यामुळे शाळेतले आम्ल तेथे ॲसिड झाले, अम्लारि बेस झाला. आणि घरी वडिलांशी बोलताना ॲसिडचा तुर्शा होई. एका पदार्थाची तीन नावे पाठ करून मी बी. एस्सी. झाले. एका परीने ते बरेच झाले. नाव बदलले तरी पदार्थ निळ्या लिटमसला लालच करतो, हे मनात पक्के बसले.

प्रयोगशाळेची भीती वाटे, आणि ओढही. क्षार ओळखण्याचा प्रयोग असला की किपच्या उपकरणातून हायड्रोजन सल्फाइड सोडीत. कुजक्या अंड्यांचा तो वास साडीत बसे, आणि घरी गेले की आजी दारातच थांबवी. पिपेट तोंडाने ओढावे लागे. आज ते कोणी करू देणार नाही, आणि योग्यच आहे. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडता सोडता फिनॉल्फ्थॅलिनचा फिकट गुलाबी रंग यावयाचा आणि टिकावयाचा, तो एक थेंब जास्त पडला की सारे मुसळ केरात. हात स्थिर ठेवणे हे कौशल्य मी शिवणाच्या तासातून घेऊन गेले होते, असे एकदा मी आमच्या सरांना सांगितले तेव्हा ते हसले, पण माझी वाचने बिनचूक येत हे त्यांनाही ठाऊक होते. माझ्या दोन पातळांना ॲसिडची भोके पडली. त्यातले एक मी अजून ठेवले आहे.

लग्न होऊन मी लातूरला आले आणि पुढे शिकविण्यात आयुष्य गेले. दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला, १९७७ साली बारावीची पहिली परीक्षा झाली आणि पी. यू. सी. हा शब्द मागे पडला. १९७० साली निघालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाने, प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या कारकिर्दीपासून, बारावीच्या मुलांकडून कसून तयारी करून घेतली आणि गुणवत्ता यादीत लातूरची नावे झळकू लागली. लोक त्याला लातूर पॅटर्न म्हणू लागले. वाघमारे सर पुढे १९९४ साली नांदेडला झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. आता आपल्या मुलींना विद्यापीठासाठी अडीचशे किलोमीटर औरंगाबादकडे पाहावे लागत नाही.

लातूर पॅटर्नने खेड्यांतील हजारो मुलांचे भले केले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण एक खंत आहे, ती सांगते. सारी तयारी वैद्यकीयच्या दारापुढे येऊन थांबते. नीट परीक्षेत ७२० गुणांपैकी १८० गुण रसायनशास्त्राचे. मुली ते गुण चांगले मिळवतात. चार पर्यायांतून बरोबर उत्तर झटकन ओळखतात. त्यांतल्या कित्येकींनी ब्युरेट मात्र चारदोनदाच हातात धरलेला असतो. जागा मिळाली नाही की बी. एस्सी.; आणि घरचे सांगतात ते कसे, तर 'शेवटी बी. एस्सी.लाच टाकली'. ज्या वर्गात जाण्यासाठी आमच्या पिढीने एकेक वर्ष गमावले, त्याच वर्गात आज मुली मान खाली घालून येतात. पाण्याविना ऊर्ध्वपातनाचा प्रयोग होत नाही आणि २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. तसल्या उन्हाळ्यांतही बादल्यांत पाणी साठवून या गावातील शिक्षकांनी प्रात्यक्षिके पुरी करून घेतली. ती पदवी टाकाऊ असती तर त्यांनी एवढी यातायात कशासाठी केली असती?

आता चार वर्षांच्या ऑनर्स पदवीची सोय झाली आहे, २०२४ पासून संलग्न महाविद्यालयांतही. अट तशी साधी, विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण. परंतु विषयांचा गट कोणता मिळणार हे अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच ठरून जाते, आणि त्या वेळी मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असते. भगिनींनो, आपल्या घरी दहावीची मुलगी असेल तर गणित सोडण्यापूर्वी तिला एवढे सांगा, की जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवता येते. ओझे वाढेल हे खरे. नकोसे झाले तर पुढे टाकता येते. टाकलेले मात्र उचलून घेणे फार कठीण.

औशाच्या त्या मुलीची फी मंडळाने भरली. तिने रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले. रसायनशास्त्रात अभिक्रियेचा वेग मोजावयाचा म्हटला की कॅलक्युलस आडवे येते, म्हणून दर रविवारी दुपारी ती माझ्याकडे येते. डोळ्यांनी मला आता बारीक अक्षर दिसत नाही, तेव्हा पुस्तक ती वाचते आणि मी समजावते. परवा आलेख काढता काढता माझ्या तोंडून मुसल्लस निघून गेले. तिने वहीच्या समासात तो शब्द लिहून घेतला आणि विचारले, "आजी, हे परीक्षेला येतं का?"